आदिच्चनल्लूर : मातीखालची ठेव आणि तिची नोंद

चेन्नईच्या टी. नगर भागात, म्हणजेच त्यागराय नगरात, बदलून आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्याभरात दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे येथील उस्मान रोडवर आणि पानगल पार्कच्या परिसरात सोन्याची जितकी खरेदी होते तितकी देशातील फार थोड्या बाजारपेठांत होत असेल. दुसरी म्हणजे शाखेतील सहकाऱ्यांपैकी बरेच जण मूळचे ‘तिरुनेलवेलीकडचे’ असतात, आणि आपल्या गावाविषयी बोलताना ते ताम्रपर्णी नदीचे नाव जरा अभिमानानेच घेतात. या नदीच्या काठी आदिच्चनल्लूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. ते तेथील माणसांमुळे जगाला ठाऊक झाले. मात्र ती माणसे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी मातीच्या रांजणांत ठेवली गेली होती.

आपल्याकडे इतिहासपूर्व काळाचा विषय निघाला की मोहेंजोदडो, हडप्पा ही नावे आठवतात, फार तर नेवासे आणि इनामगाव आठवते. आदिच्चनल्लूरचे नाव मराठी वाचकांच्या कानावर क्वचितच पडते. वास्तविक मृतांच्या अवशेषांवरून जिवंत समाजाचा शोध कसा घेतात, आणि तो शोध नोंदीअभावी कसा अडून राहतो, हे समजून घेण्यासाठी यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. बँकेत काम करणाऱ्यांना आणि बँकेशी व्यवहार करणाऱ्यांना तर ही गोष्ट जवळची वाटावी, कारण तिच्या मुळाशी ठेव आणि नोंद यांचाच प्रश्न आहे.

नदी, माळ आणि गाव

ताम्रपर्णी पश्चिम घाटात उगम पावते, तिरुनेलवेली शहरावरून वाहत जाते आणि मन्नारच्या आखाताला मिळते. तमिळनाडूतील बहुतेक नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात. ही नदी मात्र बारमाही समजली जाते. तिच्या दोन्ही तीरांवर भाताची आणि केळीची दाट शेती आहे. तिरुनेलवेलीहून तिरुचेंदूरच्या प्रसिद्ध मुरुगन मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण २४ किलोमीटर अंतरावर, नदीच्या दक्षिण तीरावर आदिच्चनल्लूर लागते. पूर्वी हे गाव तिरुनेलवेली जिल्ह्यात होते. १९८६ साली नवा जिल्हा झाला तेव्हापासून ते तूत्तुकुडी जिल्ह्यात, श्रीवैकुंठम तालुक्यात मोडते.

गावालगत मुरमाड, खडकाळ असा एक लांबट उंचवटा आहे. त्याच्या चहूबाजूंना हिरवी शेती आणि मध्ये हा उजाड माळ, असे दृश्य दिसते. संरक्षित क्षेत्र सुमारे ११४ एकरांचे आहे. या माळाखाली हजारो वर्षांपूर्वीची विस्तीर्ण दफनभूमी आहे. तेथे पुरणाऱ्यांनी जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. पाण्याखाली येणारी, पीक देणारी जमीन जिवंतांसाठी राखून त्यांनी नापीक माळ मृतांसाठी ठेवला. जमिनीचा असा हिशेब करणारा समाज शेतीत मुरलेला असणार, एवढे अनुमान तर जागा पाहूनच काढता येते.

रांजणातील माणसे

येथील दफनाच्या पद्धतीला पुरातत्त्वज्ञ कुंभदफन म्हणतात. तमिळमध्ये अशा रांजणाला ‘मुदुमक्कळ ताळि’ असे नाव आहे. त्याचा अर्थ साधारणपणे ‘वृद्धांचा, पूर्वजांचा रांजण’ असा होतो. प्राचीन तमिळ संगम वाङ्मयातही अशा रांजणांचे उल्लेख येतात. म्हणजे ही चाल पुढे दीर्घकाळ लोकांच्या स्मरणात राहिली होती.

माळावर वरचा मुरूम काढल्यावर खाली गारगोटीचा खडक लागतो. त्या खडकात प्रत्येक रांजणासाठी स्वतंत्र खळगा कोरलेला असे आणि दोन खळग्यांच्या मध्ये खडकाची पट्टी राखलेली असे, म्हणजे रांजण आपल्या जागी घट्ट बसे. काही रांजण भूपृष्ठापासून तीन फुटांवर सापडले, तर काही दहा फुटांहून खोल. काही रांजणांत संपूर्ण सांगाडा अंग मुडपून बसवलेल्या स्थितीत आढळतो. काहींत निवडक हाडेच असतात. म्हणजे देह आधी अन्यत्र ठेवून नंतर अस्थी गोळा करण्याची चालही येथे असावी.

रांजणात आणि त्याच्याभोवती ठेवलेल्या वस्तूंची यादी मोठी आहे. आतून काळी व बाहेरून तांबडी अशी चकचकीत मातीची भांडी, लोखंडी तलवारी, भाले, बाणांची टोके आणि शेतीची अवजारे, कांशाच्या गाळण्या आणि वाट्या, तसेच ज्यांच्या झाकणांवर पक्षी आणि प्राणी कोरीवपणे घडवलेले आहेत अशी कांशाची भांडी येथे मिळाली. काही छोट्या भांड्यांत तांदळाची आणि भरडधान्याची फोलपटे होती. काही लोखंडी वस्तूंवर विणलेल्या कापडाचे ठसे गंजात उमटून राहिले होते. शिवाय सोन्याच्या पातळ, पानाच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या पट्ट्या सापडल्या. टोकांना भोक असल्यामुळे त्या दोऱ्याने कपाळावर बांधत असावेत, असे मानले जाते.

हा काळ लोहयुगाचा. लेखनाचा निःसंशय पुरावा नसल्यामुळे त्याला इतिहासपूर्व म्हणतात. राजाचे नाव, युद्धाचे वर्ष, देवळाचा शिलालेख यांतले काहीच हाती नसताना भांडी, धातू, धान्य आणि हाडे एवढेच साक्षीदार उरतात. ते बोलतात, पण प्रत्येक वस्तू कोठे, किती खोल, कोणत्या वस्तूच्या शेजारी आणि कोणत्या हाडांजवळ होती हे नेमके टिपलेले असेल तरच. एकदा उचललेली वस्तू त्याच जागी पुन्हा ठेवता येते, पण तिच्या भोवतालचा मातीचा थर पुन्हा लावता येत नाही. म्हणून उत्खनन ही एकदाच करता येणारी क्रिया आहे. त्यानंतर त्या जागेचे जे उरते ते वहीत.

तीन खोदणारे, तीन शहरे

आदिच्चनल्लूरच्या वस्तू आज कोठे आहेत हे पाहिले म्हणजे या वाक्याचा अर्थ उलगडतो.

१८७६ साली बर्लिनचे डॉ. फेडोर यागोर येथे आले. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी माळ खणला. मातीच्या भांड्यांचे पन्नासाहून अधिक प्रकार, लोखंडी शस्त्रे आणि पुष्कळशा कवट्या व हाडे त्यांना मिळाली. हा संग्रह बर्लिनच्या वंशशास्त्रीय संग्रहालयाकडे गेला. १९०३-०४ च्या सुमारास लुई लापिक या फ्रेंच शास्त्रज्ञाने येथे लहानसे खोदकाम केले. त्यातील अवशेष पॅरिसला गेले.

या दोघांच्या मधल्या काळात, १८९९ पासून पुढील काही वर्षे, पुरातत्त्व खात्याच्या दक्षिण मंडळाचे अधीक्षक अलेक्झांडर री यांनी येथे मोठे उत्खनन केले. दक्षिण भारतात तोवर ठाऊक असलेल्या इतिहासपूर्व स्थळांत हे सर्वांत विस्तृत स्थळ आहे, असे त्यांचे मत झाले. त्यांना मिळालेल्या वस्तू मद्रासच्या शासकीय संग्रहालयात ठेवल्या गेल्या. १८५१ साली स्थापन झालेले हे संग्रहालय एग्मोर येथे आहे, टी. नगरच्या मांबलम स्थानकावरून लोकल गाडीने चौथे स्थानक. री यांनी वस्तूंची तपशीलवार सूची तयार केली आणि ती १९१५ साली मद्रासच्या सरकारी छापखान्यातून प्रसिद्ध झाली. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही आदिच्चनल्लूरवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही सूची उघडावीच लागते. तिच्यातही आजच्या दृष्टीने उणिवा आहेत. वस्तू प्रकारवार मांडल्यामुळे एखाद्या विशिष्ट रांजणातील सर्व वस्तू एकत्र कोणत्या होत्या, हे सर्वत्र स्पष्ट होत नाही. तरीही जे लिहून ठेवले तेच टिकले.

म्हणजे एकाच माळावरच्या, कदाचित एकाच कुळातल्या माणसांच्या अस्थी बर्लिन, पॅरिस आणि मद्रास अशा तीन शहरांत विभागल्या गेल्या. एखाद्या खातेदाराची पासबुके तीन वेगवेगळ्या बँकांत अडकून पडावीत आणि त्याच्या एकूण शिल्लकेचा मेळ कोणालाच घालता येऊ नये, तसा हा प्रकार आहे.

कवट्या मोजण्याचा नाद

त्या काळातील अभ्यासकांचे लक्ष मुख्यतः कवट्यांवर होते. कवटीची लांबी, रुंदी, नाकाच्या छिद्राचा आकार यांची गुणोत्तरे काढायची आणि त्यावरून मृताचा ‘वंश’ ठरवायचा, ही तेव्हाची प्रतिष्ठित पद्धत होती. मद्रास संग्रहालयातील कवट्यांवर सॉली झुकरमन यांचा अभ्यास १९३० साली संग्रहालयाच्याच पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या आधी आणि नंतरही अनेकांनी या माणसांना ऑस्ट्रेलॉइड, मेडिटरेनियन अशी नावे चिकटवली. २००४-०५ मध्ये मिळालेल्या सांगाड्यांविषयीही जगाच्या निरनिराळ्या खंडांतील वंश येथे नांदत होते, अशी विधाने वृत्तपत्रांत झळकली.

आजचे शारीर मानवशास्त्र या पद्धतीवर विसंबत नाही. एकाच गावातील, किंबहुना एकाच घरातील माणसांच्या कवट्यांत बराच फरक असू शकतो. आहार, चावण्याची सवय, बालपणीचे पोषण यांचाही कवटीच्या घडणीवर परिणाम होतो. मूठभर कवट्यांवरून ‘येथे अमुक वंश राहत होता’ असे म्हणणे म्हणजे एका दिवसाच्या रोजकीर्दीवरून वर्षाचा ताळेबंद मांडण्यासारखे आहे.

मग हाडे काय सांगतात? कटीच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे बऱ्याच खात्रीने कळते. दातांच्या वाढीवरून मुलाचे वय, आणि दातांची झीज व हाडांचे सांधे यांवरून प्रौढाचे अंदाजे वय कळते. दातांवर आडव्या खाचा किंवा खळगे असतील तर बालपणी उपासमार किंवा दीर्घ आजार झाला असावा, असे अनुमान निघते. किडलेले दात पिष्टमय आहाराकडे बोट दाखवतात. मणक्यांची झीज ओझी वाहिल्याची साक्ष देते. वंशाच्या नावापेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची आहे. कारण ती माणूस कसा जगला हे सांगते.

घसाऱ्याचे गणित आणि माणसाचे वय

अवशेष किती जुने आहेत हे ठरवण्याची प्रचलित पद्धत म्हणजे कार्बन १४ ची तपासणी. वाणिज्य शाखेच्या वाचकांना ती लगेच समजेल. प्रत्येक सजीवात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो. जीव असेपर्यंत तो अन्नातून व हवेतून भरून निघतो. मृत्यूनंतर भर थांबते आणि घट सुरू होते. ही घट घटत्या शिल्लक पद्धतीच्या घसाऱ्याप्रमाणे होते, म्हणजे दर ठरलेला आणि तो उरलेल्या शिलकेवर लागू. ५,७३० वर्षांत मूळ साठ्याचा निम्मा भाग उरतो, पुढील तेवढ्याच काळात चतुर्थांश. आज शिल्लक किती हे मोजले की खाते कधी ‘बंद’ झाले ते काढता येते. या उत्तराला वृक्षवलयांच्या आधारे दुरुस्ती करून घ्यावी लागते, कारण वातावरणातील कार्बन १४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते.

आदिच्चनल्लूरच्या २००४-०५ च्या उत्खननातील दोन नमुन्यांची अशी तपासणी झाली तेव्हा इ.स.पू. ९०५ आणि इ.स.पू. ६९६ अशी वर्षे आली. मात्र हे निष्कर्ष समोर आले २०१९ साली. नमुने जमिनीतून निघाल्यावर मध्ये जवळजवळ पंधरा वर्षे गेली.

पंधरा वर्षांची वाट

२००४ आणि २००५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या चेन्नई मंडळाने टी. सत्यमूर्ती यांच्या नेतृत्वाखाली येथे पुन्हा उत्खनन केले. री यांच्यानंतर जवळपास एका शतकाने हे मोठे काम झाले. दीडशेहून अधिक रांजण उघडकीस आले. त्यांतील अनेकांत सांगाडे होते. रांजण एकावर एक अशा थरांत पुरलेले आढळले. म्हणजे हा माळ पिढ्यानुपिढ्या वापरात होता. एका खापरावर मातीच्या पट्ट्या चिकटवून काढलेले चित्र मिळाले. त्यात उभी असलेली सडपातळ स्त्री, भाताचे रोप, बगळा, हरिण आणि मगर दिसते. ताम्रपर्णीच्या काठावर आजही उभे राहून पाहिले तर मगर सोडल्यास या चित्रातील बहुतेक मंडळी भेटतील. दफनभूमीच्या जवळ वस्तीच्या आणि कुंभारांच्या भट्ट्यांच्या खुणाही हाती लागल्या.

इतके सर्व मिळूनही सविस्तर अहवाल वर्षानुवर्षे निघाला नाही. अधिकारी बदलले, निवृत्त झाले. नमुने आणि टिपणे कार्यालयांत राहिली. अखेर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे जनहितयाचिका गेली. न्यायालयाने विचारणा केल्यानंतर कालमापनाचे निष्कर्ष सांगितले गेले आणि पुढे अहवालाचे कामही मार्गी लागले. यात एका व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे खोदण्यासाठी निधी मिळतो, बातमी होते, मान्यवर भेट देतात. पण त्यानंतर खापर धुऊन त्यावर क्रमांक टाकणे, रेखाचित्र काढणे, हाडांची यादी करणे या कंटाळवाण्या कामाला माणसेही नसतात आणि पैसाही नसतो. वर्षाखेरीच्या ताळेबंदासाठी रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याला हे काम किती जिकिरीचे आणि किती आवश्यक असते, हे निराळे सांगायला नको.

इनामगावचा धडा

हेच काम वेळेत झाले तर काय साधते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे सलग उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. सुमारे इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वस्ती. घरांच्या जमिनीखाली आणि अंगणात दोनशेहून अधिक दफने मिळाली; त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. मुलाचा देह दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, आडवा ठेवलेला असे. प्रौढांना खड्ड्यात उताणे पुरत आणि बहुधा पावले घोट्याखाली तोडलेली असत. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र एक प्रौढ पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या स्थितीत मिळाला. त्या घराला लागून धान्याचे कोठार होते. तो वस्तीचा प्रमुख असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला.

या मानवी अवशेषांवर जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांचा स्वतंत्र ग्रंथ १९८६ साली, म्हणजे उत्खनन संपल्यावर तीन वर्षांत प्रसिद्ध झाला. उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ साली आला. प्रत्येक सांगाड्याला क्रमांक, घर आणि थर असल्यामुळे पुढील पिढीला त्याच हाडांकडे नव्या प्रश्नांसह परतता आले. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी अभ्यासिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या अस्थींचा फेरअभ्यास करून हवामानातील बदल आणि बालआरोग्य यांचा संबंध तपासला. तिचे पुस्तक २०११ साली निघाले. पंचवीस वर्षांनी कोणीतरी परक्या देशातून येऊन नोंद उघडते आणि तिला ती समजते, हीच चांगल्या नोंदीची कसोटी.

ग्रामीण महाराष्ट्रातील इनामगाव आणि ग्रामीण तमिळनाडूतील आदिच्चनल्लूर ही काळाने, भाषेने आणि दफनाच्या रीतीने भिन्न आहेत. तरी मृताला मातीच्या कुशीत, रांजणात ठेवण्याची कल्पना दोहोंकडे दिसते. या दोन रीतींचा परस्परांशी काही संबंध होता काय, हे विचारायचे असेल तर दोन्हीकडची नोंद सारख्या तोलाची असायला हवी. आज एका पारड्यात ग्रंथ आहेत आणि दुसऱ्यात बरीचशी प्रतीक्षा.

सोन्याचा भाव आणि सोन्याचे मोल

ऑगस्ट २०२२ मध्ये आदिच्चनल्लूरला सोन्याची ललाटपट्टी पुन्हा सापडली. री यांच्या काळानंतर, शंभराहून अधिक वर्षांनी. बातमी आली तेव्हा अनेकांचा पहिला प्रश्न ‘वजन किती?’ हाच होता. ते स्वाभाविक आहे. सोनेतारण कर्जाच्या खिडकीपाशी बसणाऱ्या अधिकाऱ्याची नजरही प्रथम काट्याकडेच जाते. अशी पट्टी पातळ पत्र्याची असते, टी. नगरमधील कोणत्याही पेढीत तिचे धातू म्हणून मोल फारसे होणार नाही. पण ती एका विशिष्ट रांजणाजवळ, विशिष्ट खोलीवर, कांशाच्या आणि लोखंडाच्या वस्तूंच्या सोबत मिळाली म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या समाजात मान, संपत्ती आणि मृत्यू यांचे नाते कसे होते, याविषयी ती काही सांगते. तीच पट्टी चोरट्याच्या हाती लागून वितळली, तर उरते ते काही ग्रॅम सोने.

अलीकडची पावले

सुदैवाने गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. १ फेब्रुवारी २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात स्थळावरील संग्रहालयांसह विकसित करण्यासाठी पाच पुरातत्त्वीय स्थळांची घोषणा झाली. राखीगढी, हस्तिनापूर, शिवसागर, धोलावीरा आणि आदिच्चनल्लूर. २०२१ पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे नव्याने उत्खनन केले. ऑगस्ट २०२३ मध्ये संग्रहालयाची पायाभरणी झाली आणि उत्खननाच्या खड्ड्यातील रांजण जागच्या जागी, काचेखाली पाहण्याची सोयही करण्यात आली. तमिळनाडू शासनाच्या पुरातत्त्व विभागाने याच परिसरात आणि जवळच्या शिवगळै येथे काम केले. शिवगळैच्या एका रांजणातील भाताचा काळ इ.स.पू. ११५५ असल्याचे २०२१ साली जाहीर झाले. जानेवारी २०२५ मध्ये तेथील लोखंडाशी निगडित नमुन्यांसाठी इ.स.पू. चौथ्या सहस्रकापर्यंत मागे जाणारी वर्षे जाहीर झाली. त्यांवर विद्वानांत चर्चा झडत आहे. अशा वेळी प्रत्येक नमुना कोठून व कसा घेतला याची नोंदच वादाचा निकाल लावू शकते.

गावाच्या दृष्टीने यात मोठी गोष्ट पणाला लागली आहे. आदिच्चनल्लूरची संपत्ती दीडशे वर्षे गावाबाहेर जात राहिली आणि गावाच्या वाट्याला कुंपण व निर्बंध आले. स्थळावरच संग्रहालय झाले तर गावातील मुलाला आपल्या पायाखाली काय आहे हे पाहण्यासाठी सहाशे किलोमीटरवरील चेन्नईला किंवा समुद्रापार बर्लिनला जावे लागणार नाही. भाविक तिरुचेंदूरला जाताना थांबले तर चार घरांना रोजगारही मिळेल.

ग्राहकांनी आणि कर्मचाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे

महाराष्ट्रातही नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांत जुनी खापरे आणि हाडे निघतात. विहीर खणताना, घराचा पाया घेताना, शेत सपाट करताना असे काही आढळले तर काम थांबवून तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

गृहकर्ज आणि बांधकाम कर्जाच्या प्रकरणांत आणखी एक बाब तपासावी. केंद्रीय संरक्षित स्मारक वा स्थळ यांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित क्षेत्र असतो. २०१० साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हे निश्चित झाले. तेथील जमीन तारण घेताना आवश्यक परवानगी आहे की नाही हे आधीच पाहिले, तर कर्जदाराचे आणि बँकेचेही नुकसान टळते.

आपल्या व्यवसायात दहा वर्षे कोणी दावा न केलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. पण खातेदाराचे नाव मिटत नाही. वारस आला, कागद दाखवला, की रक्कम द्यावी लागते. त्यासाठी कोठल्यातरी शाखेत, कोणीतरी कर्मचाऱ्याने, कधीकाळी नाव नीट लिहिलेले असावे लागते. ताम्रपर्णीच्या काठी आपल्या माणसांना रांजणात बसवून, सोबत भात, भांडी आणि अवजारे देऊन ज्यांनी निरोप दिला, त्यांना लिहिता येत होते की नाही हे सांगता येत नाही. त्यांच्या वतीने लिहिण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे. तिरुनेलवेलीला जाण्याचा योग आला तर वाचकांनी तासभर वाट वाकडी करून तो माळ अवश्य पाहावा. चेन्नईत असाल तर मांबलमहून लोकलने एग्मोरला उतरावे आणि संग्रहालयातील त्या कांशाच्या झाकणांवरच्या पक्ष्यांसमोर थोडा वेळ थांबावे.